आवाज लांब जावा म्हणून

ग्रीन डे या तिघांच्या अमेरिकन पंक बँडचा 'डूकी' हा अल्बम १ फेब्रुवारी १९९४ ला आला. त्याच्या घडणीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग रेकॉर्डिंग संपल्यानंतरचा आहे. कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत, तीनेक आठवड्यांत सगळं वाजवून झालं होतं. गाणारा आणि गिटार वाजवणारा बिली जो आर्मस्ट्राँग, त्याने तर सोळा-सतरा गाणी दोन दिवसांत गाऊन टाकली होती, बहुतेक एकेका टेकमध्ये. गाणी आधीच लिहून, घोटून तयार होती. मिक्स झालं, म्हणजे वेगवेगळे भरलेले आवाज एकमेकांत जुळवून झाले, तिघांनी ऐकलं, आणि ते त्यांना पसंत पडलं नाही. निर्माता रॉब कॅव्हॅलोलाही त्यांचं म्हणणं पटलं. मग सगळा अल्बम पुन्हा मिक्सला घेतला.

तिघांचाही जन्म १९७२ चा, म्हणजे जेमतेम विशी ओलांडलेली पोरं. पहिल्यांदाच मोठ्या कंपनीसाठी काम करताहेत, हाती आलेली गोष्ट झटकन बाजारात जावी असं त्या वयात कोणाला वाटणार नाही? तरी ते थांबले. आणि हे थांबणारे पंकवाले. पंक म्हणजे तीन कॉर्ड जमल्या की स्टेजवर चढायचं, असं ज्या संगीताबद्दल जगभर म्हटलं जातं त्यातले. ते म्हणणं अगदीच खोटं नाही. १९७६ मध्ये रमोन्सचा पहिला अल्बम आला तेव्हा त्यात चौदा गाणी होती आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपत होती. तोच वेग ठेवून त्यात गुणगुणता येईल अशी चाल घातली की त्याला पुढे पॉप पंक म्हणायला लागले. ऐकणाऱ्याला वाटतं, हे काय, कोणीही करेल. असं वाटायला लावणं फार अवघड आहे, आणि त्यासाठीच दुसऱ्यांदा मिक्सला बसावं लागतं. मला आज त्या दुसऱ्या मिक्सबद्दल लिहायचंय.

माझ्यापर्यंत हा अल्बम आला तो आत्तेभावाकडून. दादा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीला एशियाडने यायचा तेव्हा पिशवीत एक-दोन भरून घेतलेल्या कॅसेट असायच्या. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. 'डूकी' एकोणचाळीस मिनिटांचा, त्यामुळे तो एका बाजूत अख्खा मावला होता. दुसऱ्या बाजूला हिंदी गाणी. कव्हर नाही, फोटो नाही, आतल्या कागदावर दादाच्या अक्षरात बॉलपेनने गाण्यांची नावं. शेवटचं गाणं संपलं की टेप तशीच सरकत राहायची, मिनिटभर नुसती खरखर, आणि मग यादीत नसलेला एक पोरकट तुकडा लागायचा. तो ड्रमर ट्रे कूलने गायलेला आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

आमचं घर सोलापुरात, अशोक चौकाच्या मागच्या एका गल्लीत. शेजारी चार माग, समोर सहा, कोपऱ्यावर आणखी. पहाटे सुरू झाले की खटाखट, खटाखट, ती रात्री थांबली तर थांबली. त्या गल्लीत माणसं बोलायची ती ओरडूनच. मागावर आयुष्य काढलेले काका घरी जेवायला बसले तरी शेजारच्या पानावरच्या माणसाशी लांबून हाक मारल्यासारखं बोलायचे. शेजारच्या घरातून तेलुगू, पलीकडून कन्नड, आमचं मराठी, सगळं मागाच्या वरच्या पट्टीत. अशा ठिकाणी टेपरेकॉर्डर लावून गाणं ऐकणं ही एक कसरतच होती. दादाने आणलेल्या कितीतरी कॅसेट मी त्या आवाजात लावून पाहिल्या. गिटारचा नुसता घोंगाट, त्यावर मागाचा घोंगाट, मधला गाणारा माणूस कुठेतरी बुडालेला. 'डूकी' तसा बुडत नव्हता. मागाच्या वरून तो सरळ माझ्यापर्यंत येत होता.

मी मराठी शाळेतली. पुस्तकातलं इंग्रजी वाचता यायचं, पण अमेरिकन पोराने भरधाव म्हटलेलं कुठलं कळायला! तरी एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली होती. अर्थ कळत नसला तरी शब्द ऐकू येत होते. एकेक अक्षर सुटं, धारदार. त्या गाण्यांतल्या वैतागाचा, घुसमटीचा अर्थ मला शब्दकोश हातात घेऊन महिनोन्महिने लावावा लागला, पण लावता आला, कारण अक्षरं जागच्या जागी होती.

'लाँगव्ह्यू' हे गाणं घ्या. विषय काय, तर घरात बसून कंटाळलेला पोरगा. टीव्ही लावतो, बघत नाही, जागचा उठत नाही. कडव्यात फक्त ड्रम, बेस आणि आवाज. माइक डर्न्टचा बेस रेंगाळत, उड्या मारत चाललेला, आणि गिटारचा पत्ताच नाही. कडवं संपेपर्यंत ती येत नाही. येते तेव्हा एकदम, सगळी खोली भरून. एप्रिल-मेच्या दुपारी सोलापुरात वीज गेलेली असताना, पत्र्याच्या खाली, कुठेही जायला जागा नसलेल्या वयात मी घामेजून बसायची. हा कंटाळा मला कोणी समजावून सांगायला नको होता. पण कंटाळ्याचं गाणं इतक्या नेटकेपणाने रचता येतं, गिटारला बाहेर थांबवून ठेवता येतं, हे मात्र मला त्या गाण्याने शिकवलं. 'बास्केट केस'मध्ये उलटं आहे. तिथे सुरुवातीला फक्त गिटार आणि आवाज, तळव्याने तारा दाबून वाजवलेली गिटार, धडधडत्या छातीसारखी. ते गाणं आहेच मुळी मनात अचानक उठणाऱ्या भीतीच्या झटक्यांबद्दल. ड्रम येतात ते पहिलं कडवं होऊन गेल्यावर. कोणाला कधी आत घ्यायचं याचा विचार करून बांधलेली ही गाणी आहेत.

आता त्यांच्या घराबद्दल. बर्कलीत ९२४ गिलमन स्ट्रीट नावाची जागा आहे, १९८६ च्या अखेरीस सुरू झालेली. कार्यकर्ते पदरचा वेळ देऊन ती चालवतात. तिथे कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश, दारू नाही, ड्रग्ज नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, बायकांना त्रास नाही. हे नियम भिंतीवर रंगवलेले. ग्रीन डे तिथेच वाढले. त्यांचे आधीचे दोन अल्बम, १९९० चा '३९/स्मूद' आणि त्यानंतरचा 'करप्लंक', हे लुकआउट नावाच्या छोट्या कंपनीने काढले होते, तीही याच वर्तुळातली. गिलमनचा एक नियम असा की मोठ्या कंपनीच्या बँडला तिथे वाजवायला मिळणार नाही. १९९३ मध्ये ग्रीन डेने रिप्रीज या मोठ्या कंपनीशी करार केला आणि ते दार त्यांना बंद झालं.

गिलमनच्या लोकांना मी हसणार नाही. स्वतः झाडू मारून, स्वतः तिकिटं फाडून उभी केलेली जागा होती ती. मोठ्या कंपन्यांनी असल्या जागा गिळल्या तर उरतं काय, ही त्यांची भीती खरी होती. आपल्याकडे तर हे दुःख घरोघरी आहे. सोलापुरातलं पोरगं शिकलं की पुण्याला जातं. जे मागे राहतात त्यांना ते लागतं, आणि लागावंच. त्यांना 'लहान मनाचे' म्हणून निकालात काढणं मला पटत नाही.

पण त्या भांडणात एक माणूस कोणाच्याच हिशेबात नव्हता, आणि तो म्हणजे लांबचा ऐकणारा. गिलमनमध्ये उभं राहून ऐकणाऱ्याला मिक्सची गरज नसते. गाणारा त्याच्या ओळखीचा असतो, समोर असतो, शब्द नाही कळला तरी चेहरा दिसतो. मला चेहरा दिसत नव्हता. माझ्याकडे होती ती कॉपी केलेली टेप आणि भोवती माग. माझ्यासारखीसाठी ते गाणं स्वच्छ असणं हा बाजारूपणा नव्हता. ती सभ्यता होती. आपण ज्याला कधी भेटणार नाही त्या माणसालाही नीट ऐकू जावं, म्हणून कोणीतरी घेतलेली तसदी होती.

हे तपासून बघायची सोय त्या बँडनेच करून ठेवली आहे. 'वेलकम टू पॅरडाइज' हे गाणं त्यांनी दोनदा रेकॉर्ड केलं, आधी 'करप्लंक'साठी आणि मग 'डूकी'साठी. घर सोडून वेस्ट ओकलंडच्या पडक्या भागात राहायला गेलेल्या पोराचं ते गाणं. चाल तीच, माणसं तीच. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यात खोली ऐकू येते, दुसऱ्यात माणूस. पहिल्यावर जीव असणारे लोक आहेत, आणि मला त्यांचं प्रेम समजतं. पण भीती आणि हट्ट एकाच गळ्यातून कसे निघतात ते मला दुसऱ्यात सापडलं.

आणि घर त्यांनी सोडलं असं तरी कुठे? कव्हरचं चित्र काढलं रिची बुचरने, तो त्यांच्याच वर्तुळातला चित्रकार. बर्कलीचा रस्ता, वरून विमानं, कुत्री, माकडं, धुराचे लोट, शेकडो बारीक माणसं. त्या गर्दीत कॅमेरा घेतलेला एक दाढीवाला आहे. गिलमनमध्ये आठवड्याला जाऊन फोटो काढणाऱ्या माणसाचं ते चित्र. ज्या जागेचं दार लागलं तिथला माणूस कव्हरवर बसून जगभर गेला. एकट्या अमेरिकेत त्या अल्बमच्या एक कोटीहून जास्त प्रती गेल्या, १९९५ मध्ये ग्रॅमी मिळालं, आणि मे २०१५ मध्ये एका मदतीच्या कार्यक्रमासाठी हे तिघे पुन्हा गिलमनच्या स्टेजवर उभे राहिले.

हे सगळं आज लिहायला बसले त्याचं कारण माझा भाचा. त्याच्या बँडने नुकताच आपला पहिला अल्बम काढला. चौघे जण, चारही पोरं सोलापुरातच नोकरी-कॉलेज करणारी, सहा गाणी, सगळी सोलापुरी मराठीत. रेकॉर्डिंग झालं दाजी पेठेतल्या एका घराच्या वरच्या खोलीत. खाली आणि शेजारी माग असल्यामुळे कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशीच माइक उघडायचा. त्यातल्या एका सुट्टीला मी सकाळपासून रात्रीपर्यंत तिथे बसले होते.

भिंतींवर चादरी टांगल्या होत्या. दुकानात मिळतं ते आवाज शोषणारं फोम महाग पडतं, आणि चादरींना सोलापुरात काय तोटा! जुन्या, धुऊन धुऊन जड झालेल्या सुती चादरी, मोराच्या नक्षीच्या, दुहेरी घडी घालून. जाड सूत आवाजाची वरची धार चांगली खातं, टाळी वाजवली तर परत येत नाही. बेसचं घुमणं त्याने थांबत नाही, म्हणून कोपऱ्यांत गाद्यांच्या वळकट्या उभ्या केल्या होत्या. झरोक्यात बोळे. पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडलेला आणि आत चार पोरं बनियनवर. उन्हाने गिटारच्या तारा सैल पडत, दर गाण्याला सुरात लावाव्या लागत. ताईने जेवायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी पाठवली होती, पण माइक चालू असेतो भाकरी मोडायची नाही असा दंडक होता. ज्याने कडक भाकरी मोडली आहे त्याला कारण सांगायला नको.

दुपारी तिसरं गाणं चाललं होतं. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसला मित्राला सोडायला गेलेल्या पोराचं गाणं. भाच्याने कडवं म्हटलं, छान म्हटलं. पुन्हा लावून ऐकलं तर 'स्टेशनाच्या पायरीवर' मधली 'पायरी' गिटारमध्ये गडप. ध्वनीची बाजू सांभाळणाऱ्या मुलीने लॅपटॉपवर दाखवलं. डिस्टॉर्शन दिलेली, म्हणजे आवाज मुद्दाम फाडून खरखरीत केलेली गिटार जिथे सगळ्यात जाड असते, नेमकी तिथेच माणसाच्या आवाजाची ओळख पटवणारी जागा असते. दोघं एकाच दारातून आत घुसायला बघतात. उपाय दोन. एक, गिटारचं डिस्टॉर्शन कमी करायचं. ऐकताना जितकं लागतं असं वाटतं त्याहून रेकॉर्डिंगला बरंच कमी पुरतं. दुसरा, तेच गिटारचं काम दोनदा वाजवायचं, एक डाव्या कानाला द्यायचं, एक उजव्या. मग मधली जागा गाण्याला, स्नेअर ड्रमला आणि बेसला मोकळी मिळते. पण दोनदा वाजवायचं म्हणजे दुसऱ्या वेळी हाताची प्रत्येक फटक पहिल्यासारखीच पडली पाहिजे. जरा मागेपुढे झाली की चिखल.

गिटारवाला पोरगा ते करत बसला. तालाची क्लिक कानात, डोळे मिटलेले, हनुवटीवरून घाम टपकतोय. चुकला की कोणी काही बोलायचं नाही, मुलगी फक्त मागे नेऊन पुन्हा सुरू करायची. चौथ्या ओळीला उतरती फटक आहे, ती दर वेळी केसभर आधी पडायची. त्याने पायाने ताल धरणं सोडून मान हलवायला सुरुवात केली तेव्हा ती जागेवर बसली. तो टेक संपल्यावर तो नुसता हसला. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

संध्याकाळी सगळं जुळवून ऐकलं. 'पायरी' ऐकू आली. बेसवाला मात्र गप्प. मग म्हणाला, "मावशी, लई स्वच्छ यायलंय ओ. पंक वाटंना गेलंय."

भाचा तडकला. "अबे, शब्दच कळंनात तर लिहिलो कशाला?"

"गाण्याला धूळ पाहिजे बे थोडी."

"धूळ तुझ्या घरात ठेव. हे नांदेडच्या पोराला कळलं पाहिजे, मग?"

बर्कलीच्या स्टुडिओत पुन्हा मिक्स करायचं ठरलं तेव्हा बोलणं नेमकं कसं झालं असेल ते मला माहीत नाही, पण त्याची जात हीच असणार असं मला तिथे बसल्या बसल्या वाटलं. मी बोलले ते एवढंच. दोघांनाही फोनवर 'डूकी' लावून दिला आणि म्हटलं, खाली उतरून उद्या माग चालू असताना ऐका. बेसवाल्याने खरंच ऐकलं. त्याने मत पूर्ण बदललं नाही, आणि ते मला आवडलं. त्याच्या आग्रहावरून शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला शेजारच्या मागाचा दहाएक सेकंदांचा आवाज ठेवला आहे, सुट्टी नसलेल्या दिवशी मुद्दाम खिडकीतून घेतलेला. तो थांबतो आणि गाणं सुरू होतं. सबंध अल्बममध्ये तेवढीच धूळ, आणि ती बरोबर जागी पडली आहे.

प्रकाशनाचं म्हणाल तर आता कंपनीच्या दारात जावं लागत नाही. वर्षाचे थोडे पैसे भरले की वितरण करणारी सेवा गाणी सगळीकडे पोचवते. प्रत्येक गाण्याला स्वतःचा एक क्रमांक मिळतो, चौकोनी कव्हर द्यावं लागतं, भाषेच्या यादीतून मराठी निवडावी लागते. कव्हरवर पोरांनी काय ठेवावं यावर बरीच चर्चा झाली. कोणी होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा म्हणालं, कोणी गिरणीचा भोंगा. शेवटी त्या खोलीच्याच भिंतीचा फोटो घेतला, टांगलेल्या चादरी आणि मध्ये काळा माइक. योग्य निवड. बाहेरच्याला सोलापूर ओळखू येईल, आणि आतल्याला ती खोली.

रात्री बारा वाजता गाणी आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका मित्राच्या क्लासच्या गच्चीवर सगळी गाणी वाजवली. पुढच्या रांगेत आया, मावश्या, एक आजोबा. आजोबा मागावरचे, कानाने अधू. तिसरं गाणं झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "स्टेशनावर सोडलेला पोरगा परत येतो का गं?" गाण्यात येत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "हां, तसंच ऐकू आलं मला."

त्यानंतरच्या आठवड्यात भाच्याला लातूरच्या एका शाळकरी मुलाचा निरोप आला. ओळख ना पाळख. त्याला तिसऱ्या गाण्याच्या कॉर्ड हव्या होत्या. भाच्याने वहीच्या कागदावर शब्द लिहिले, वर कॉर्ड लिहिल्या, चौथ्या ओळीतल्या उतरत्या फटकेवर खुणेचा बाण काढला, आणि त्याचा फोटो पाठवून दिला. मुलाने वाजवून परत पाठवलं. लय बरीच संथ आहे, त्याच्या हाताला अजून तेवढा वेग नाही. शब्द मात्र एकही चुकलेला नाही.